माझ्या बदल्या आणि माझ्या भाकऱ्या

(आपल्या संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलताना जसे बोललो तसेच बहुतेक ठेवले आहे.)



समितीने मला विचारलं, ‘‘काका, तुम्ही बँकेत होतात, तेव्हा ज्येष्ठांच्या गुंतवणुकीवर वीस मिनिटं बोला.’’ मी म्हटलं, ज्येष्ठांनी ज्यात पैसे गुंतवायचे ते त्यांनी आधीच गुंतवले आहेत, आणि ते म्हणजे ही सोसायटी. (हशा.) व्याजदरावर बोललो तर निम्मे लोक चहाला जातील. त्यापेक्षा मी भाकरीवर बोलतो. एक तर ती मला येते. दुसरं म्हणजे तिच्यावर टीडीएस कापत नाहीत.

बँकेच्या नोकरीत मला नऊ बदल्या मिळाल्या. बदली म्हणजे काय, हे इथल्या सरकारी आणि बँकेतल्या मंडळींना सांगायला नको. ट्रंका बांधा, गॅसचं कार्ड बदला, मुलांचे दाखले काढा. पण प्रत्येक बदलीने मला एक वस्तू फुकट दिली. ती म्हणजे त्या गावची भाकरी. आपल्याकडे म्हणतात, बारा कोसांवर भाषा बदलते. भाषेचं मला कळत नाही, भाकरी मात्र नक्की बदलते.

माझं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं, म्हणजे बाजरीचा मुलूख. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा आणि शेजारी मिसळीची भाजी, हे ज्याने खाल्लं त्याला थंडी म्हणजे काय ते कळलं. बाजरीत स्निग्धांश जास्त, त्यामुळे तिचं पीठ फार दिवस ठेवलं की कडू होतं. म्हणून आमची आई आठ दिवसांपुरतंच दळायची.

1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होतो. इथे माझ्या वयाचे जे आहेत त्यांना रेशनवरचा ‘मिलो’ आठवत असेल. अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी परातीतून उचलली की हातात नकाशा यायचा, तोही तुकड्यातुकड्यांनी. रस्त्याच्या आणि नाल्याच्या कामांवर खडी फोडायला गेलेल्या माणसांना सुकडी मिळायची. त्या वर्षी आई उकळत्या पाण्याशिवाय पीठ भिजवायची नाही. ती म्हणायची, ‘‘पिठात जीव नाही, तो पाण्यानं द्यायचा.’’ या वाक्यातलं शास्त्र मला पुढे कळलं. त्याकडे आपण येऊच.

1974 साली बँकेत लागलो. पहिली खेड्यातली शाखा मिळाली ती मंगळवेढा तालुक्यात. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथल्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. काळी जमीन, पाऊस बेताचा, आणि रब्बीची मालदांडी. तिचा दाणा टपोरा, मोत्यासारखा. पण मी पडलो एकटा. गावात खानावळ एकच, आणि ती मालकाच्या मर्जीवर चालायची. एस.टी. स्टँडवर भजी मिळायची, पण माणसाने भज्यांवर किती दिवस काढायचे?

मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो त्या काकूंनी तिसऱ्याच दिवशी माझी अवस्था ओळखली. म्हणाल्या, ‘‘सायेब, रोज दुसऱ्याच्या दारात ताट घिऊन जायाचं का? हात हायेत न्हवं?’’ आणि मला काठवटीपुढे बसवलं. मी बी.कॉम., सेकंड क्लास, समोर अर्धा किलो पीठ. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड ट्रेनिंग तेच. बँकेच्या ट्रेनिंग कॉलेजात निदान पंखा होता.

त्यांनी शिकवलेलं मी आजही तसंच करतो, म्हणून इथे क्रमाने सांगतो. बायकांना हे पाठ आहे. हे पुरुषांसाठी आहे, त्यांनी लिहून घेतलं तरी चालेल.

गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. कणीक ताणली तरी तुटत नाही ती त्याच्यामुळे. म्हणून पोळी लाटता येते. ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी यांत ते नाही. मग हे पीठ एकत्र धरायचं कोणी? गरम पाण्याने. पाणी कडकडीत असलं की पिठातला स्टार्च थोडा शिजतो, चिकट होतो आणि पीठ एकमेकांना धरून राहतं. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने चिरते. तेव्हा आणखी गरम पाणी घ्यायचं आणि तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं. मळायचंही एका भाकरीपुरतंच. सगळं पीठ एकदम भिजवून ठेवणारा माणूस कर्जही एकदम सगळं उचलतो, असा माझा अनुभव आहे.

मग परातीत कोरडं पीठ भुरभुरायचं आणि गोळा ठेवून थापायचा. हात जोराने मारायचा नाही. भाकरी गोल फिरली पाहिजे आणि ती आपल्या हाताखाली आपोआप फिरते. फिरत नसेल तर खाली पीठ कमी आहे. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर. तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा. पाणी सुकत आलं की उलटायची, फार सुकू द्यायचं नाही, नाहीतर तडे जातात. दुसरी बाजू तव्यावर नीट भाजली की तवा बाजूला आणि पहिली बाजू थेट विस्तवावर. आतल्या पाण्याची वाफ होते, वाफेला बाहेर जायला वाट नसते, म्हणून ती पापुद्रा उचलते. भाकरी टम्म फुगते. तो क्षण म्हणजे दिवसाअखेर कॅश पहिल्या फटक्यात टॅली होण्याचा क्षण. ज्यांनी कॅश सांभाळली आहे त्यांना हे समजेल.

त्या शाखेत एकदा इन्स्पेक्शनला वरिष्ठ साहेब आले. न सांगता येणारे. दिवसभर रजिस्टरं उलटीसुलटी केली, कोणाशी धड बोलले नाहीत. संध्याकाळी शेवटची एस.टी. आलीच नाही. आता साहेबांची सोय कुठे करायची? माझ्या खोलीवर. मी स्टो पेटवला. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगांची चटणी आणि कांदा. साहेबांनी पहिली भाकरी गप्प खाल्ली. दुसरी गप्प खाल्ली. तिसरी मागितली तेव्हा विचारलं, ‘‘ही कुणी केली?’’ मी म्हटलं, ‘‘मी, साहेब.’’ दुसऱ्या दिवशी रिपोर्टात शाखेबद्दल अकरा शेरे होते. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘शाखेत त्रुटी आहेत, भाकरीत नाही.’’ छत्तीस-सदतीस वर्षांच्या नोकरीत मला मिळालेलं हे एकमेव निर्भेळ प्रशस्तिपत्र, आणि तेही तोंडी.

याच भागात मी कडक भाकरी पाहिली. कागदासारखी पातळ, वाळवून ठेवलेली, कितीतरी दिवस टिकणारी. रश्श्यात कुस्करायची, नाहीतर नुसती दही-चटणीबरोबर. खेड्यातून शहरात शिकायला निघालेल्या पोराच्या पिशवीत आई जी देते ती ही. फ्रीज नसलेल्या माणसांनी फ्रीजशिवाय काय काय शोधून काढलं होतं बघा.

पुढे खानदेशात, जळगाव जिल्ह्यात बदली झाली. तोपर्यंत माझं लग्न झालं होतं. आमच्या हिने पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं, ‘‘तुम्हाला भाकरी येते हे तुमच्या आईंनी लग्नाआधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी आणखी लवकर हो म्हटलं असतं.’’ खानदेशात कळण्याची भाकरी मिळाली. ज्वारीत उडीद मिसळून दळायचे, तोच कळणा. तिच्या जोडीला हिरव्या मिरचीचा ठेचा आणि हिवाळ्यात वांग्याचं भरीत. भरिताची वांगी तिथे काट्यांच्या आगीवर भाजतात आणि मग लाकडी बडगीत ठेचतात. आमच्या शेजारच्या ताई खापरावरचे मांडे करत. चुलीवर उलटं खापर, आणि पुरणाची ती पोळी हातावर झेलत झेलत मोठी करत नेऊन त्यावर टाकायची. माझी आई बघायला आली होती, तिने फक्त हात जोडले. ज्ञानेश्वरांच्या पाठीवर मुक्ताईने मांडे भाजल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. ताईंचे हात बघितल्यावर मला वाटलं, पाठीवर भाजणं हा चमत्कार असेल, पण मांडा हातावर झेलणं हाही काही कमी नाही.

कोकणात गेलो तर तिथे वेगळाच कारभार. तांदळाचं पीठ, त्याची उकड काढायची आणि मग भाकरी, पांढरीशुभ्र, मऊ. सकाळी घावन, कधी आंबोळी. घावनाला पीठ आंबवायचं नाही, आंबोळीला उडीद घालून आंबवायचं. एवढा साधा फरक मी एका लग्नघरी मोठ्याने विचारला तर तिथल्या दोन आत्यांमध्ये अर्धा तास वाद झाला. शेवटी दोघींनी आपलं म्हणणं सिद्ध करायला आपापल्या पद्धतीचं करून मला खायला घातलं. तेव्हापासून मी जिथे जाईन तिथे असे प्रश्न विचारत आलो आहे.

आणि मग गोवा. पहिल्या सकाळी रस्त्यावरून सायकलच्या भोंग्याचा ‘पों पों’ आवाज. तो पोदेर, म्हणजे पाववाला. मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक. शेजारणीने हिला सांगितलं, ‘‘पोळी घे, बरी असता.’’ हिने चार पोळ्या सांगितल्या आणि भाजी गरम करायला आत गेली. बाहेर येऊन बघते तर दारात टांगलेल्या पिशवीत चार गोल पाव, कोंडा लावलेले, आतून पोकळ. ही म्हणाली, ‘‘अहो, पोळ्या फुगल्यात हे खरं, पण इतक्या?’’ गोव्यात पोळी किंवा पोयी म्हणजे तो पाव. शिवाय उंडो, कातरो, बांगडीसारखं कांकण, सगळे त्याच्याच टोपलीत. पाव हा शब्दच पोर्तुगीज ‘पांव’वरून आपल्याकडे आला. पूर्वी त्याचं पीठ आंबवायला माडाची सूर वापरायचे, पुढे यीस्ट आलं. मी मुद्दाम एका भट्टीवर जाऊन बसलो होतो. लाकडाची भट्टी, मध्यरात्रीपासून काम, आणि सगळे पुरुष.

इथे मला एक गोष्ट म्हणायची आहे. भट्टीवर पाव भाजणारे पुरुष. लग्नात हजार माणसांच्या पुऱ्या तळणारे आचारी पुरुष. हॉटेलात तंदूर लावणारे पुरुष. मग घरातली भाकरी तेवढी बायकांची कशी? माझा हिशेब सोपा आहे. जिथे मजुरी मिळते तिथे ते काम पुरुषाला येतं, जिथे मिळत नाही तिथे ते त्याला ‘जमत नाही’. (टाळ्या, आणि फक्त एका बाजूने.)

आता आपल्या सोसायटीकडे येतो. 2020 चा लॉकडाउन आठवा. पाववाला बंद, बेकरी बंद, दुकानात यीस्टचं पाकीट शोधून मिळेना. आणि आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदम सगळे बेकर झाले. कोणी कुकरची शिटी आणि रिंग काढून, खाली मीठ पसरून पाव भाजला. ए विंगमधल्या एका तरुण जोडप्याने एप्रिलच्या उकाड्यात पीठ भिजवून रात्रभर ओट्यावर ठेवलं. सकाळी पीठ पातेल्यातून उतरून मिक्सरपर्यंत गेलं होतं. यीस्टचं गणित उकाड्यात वेगळं असतं. जिथे थंडीत चार तास लागतात तिथे एप्रिलात तासाभरात काम होतं. त्या जोडप्याचा पाव आम्ही खाल्ला. छान होता. थोडा दमदार होता, पण त्या दिवसांत सगळ्यांनाच दम धरावा लागत होता.

माझा मुलगा तिकडे न्यू जर्सीला. त्याचा रोज व्हिडिओ कॉल. ‘‘बाबा, भाकरी चिरतेय.’’ मी म्हटलं, पाकिटावरची तारीख वाच. पीठ कधीतरी दळलेलं, बोटीतून आलेलं. त्याची विरी केव्हाच गेलेली. पाणी उकळून घे. घेतलं, जमली. मग उत्साहाने भाकरी थेट आचेवर टाकली. ती फुगली, आणि त्याच क्षणी त्याच्या घरातला धुराचा अलार्म कोकलायला लागला. सूनबाई टॉवेल घेऊन अलार्मला वारा घालतेय, नातू कानावर हात ठेवून नाचतोय, आणि मुलगा ओरडतोय, ‘‘बाबा, फुगली! बाबा, फुगली!’’ आता ते खिडकी उघडून भाकरी करतात. बाहेर बर्फ असला तरी.

रोजच्या साध्या स्वयंपाकाचंही एक सांगतो. भाजणीचा डबा घरात असला की माणूस उपाशी राहत नाही. ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, सगळं वेगवेगळं खमंग भाजून एकत्र दळायचं. कांदा, तिखट, मीठ घालून थालीपीठ लावायचं, मध्ये भोक पाडून तेल सोडायचं, वर झाकण. लाटायला नको, गोल येतंय का याची काळजी नको. नवशिक्याने सुरुवात इथून करावी. आणि कालची पोळी उरली तर फोडणीची पोळी, कालची भाकरी उरली तर ताकात कुस्करून वर लसणीची फोडणी. दुष्काळ पाहिलेल्या माणसाला शिळं हा शब्द कमीपणाचा वाटत नाही. घडीची पोळी मात्र अजून माझ्या सँक्शनिंग पॉवरच्या बाहेर आहे. ती फाइल मी हिच्याकडेच पाठवत होतो.

‘पाठवत होतो’ म्हटलं, कारण गेली सात-आठ वर्षं आमच्या हिला आमवात आहे. बोटांचे सांधे सुजतात, सकाळी मूठ वळत नाही. डॉक्टरांनी मळणं, थापणं, पिळणं बंद सांगितलं. ज्या बाईने चाळीसेक वर्षं घराला हातांनी जेवू घातलं तिला हात मांडीवर ठेवून बसायला सांगणं किती जड जातं, हे तिच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय कळत नाही. पहिले काही दिवस ती स्वयंपाकघरातच यायची नाही. मग मी तिची खुर्ची ओट्याशेजारी नेऊन ठेवली. म्हटलं, हात माझे, डोळे तुझे. आता रोज संध्याकाळी साडेसातला आमच्याकडे इन्स्पेक्शन असतं. ‘‘कड जाड राहिली.’’ ‘‘आच मोठी आहे.’’ ‘‘पाणी सुकलं, उलटा, उलटा!’’ मंगळवेढ्याचे साहेब परवडले. पण पहिली भाकरी फुगली की ती तिच्याच ताटात जाते. दुखऱ्या बोटांनी तिचा पापुद्रा उघडून ती आत तूप घालते. तेवढं ती मला करू देत नाही.

आणि आणखी एक. नाव सांगत नाही, ते इथेच बसले आहेत आणि त्यांनी परवानगी दिली आहे. आपल्या एका शेजाऱ्यांच्या पत्नी दोन वर्षांपूर्वी गेल्या. डबा लावला होता. डबा चांगलाच होता, पण सकाळी येणारी पोळी रात्री खायची म्हणजे पुठ्ठा. हळूहळू त्यांनी रात्रीचं जेवणच सोडलं. दूध आणि बिस्किटं. माणूस वाळला. एकदा जिन्यात भेटले तर मला विचारलं, ‘‘भाकरी शिकायला किती दिवस लागतात हो?’’ मी म्हटलं, ‘‘उद्या परात घेऊन या.’’ ते रोज यायचे. आमची ही खुर्चीतून दोघांनाही ओरडायची. साधारण तीन आठवड्यांनी एका रात्री बेल वाजली. हातात डबा, फडक्यात गुंडाळलेल्या दोन भाकऱ्या, एकट्याने केलेल्या. आम्ही तिघांनी लसणाच्या चटणीबरोबर त्या खाल्ल्या. ते म्हणाले, ‘‘तिची पातळ असायची. ही तशी नाही. पण घरात वास तोच आला.’’ मग बराच वेळ कोणी बोललं नाही. हिने उठून त्यांना ताक वाढलं.

मंडळी, आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली म्हणजे आपणही पंचवीस वर्षांनी मोठे झालो. राहायला आलो तेव्हा आवारात तीनचाकी सायकली होत्या, आज वॉकर आहेत. मुलं पुण्याबाहेर, देशाबाहेर. बऱ्याच घरांत दोघंच आहेत आणि दोघांतलं एक कधीतरी मागे राहणार, हे हिशेबाच्या वहीत न लिहिलेलं पण सगळ्यांना माहीत असलेलं कलम आहे. आपण लिफ्टसाठी सिंकिंग फंड ठेवतो, गच्चीच्या गळतीसाठी दुरुस्ती निधी ठेवतो. या कलमासाठी तरतूद काय? माझी सूचना अशी की प्रत्येक पुरुषाला निदान एक भाकरी, एक पिठलं आणि वरण-भात यावा. आणि बायकांनी ती शिकत असताना त्यांच्या हातातून परात काढून घेऊ नये. पहिल्या पंधरा भाकऱ्या वाकड्या येणारच, त्या खाव्यात. वाकडी भाकरी पोटात गेल्यावर सरळच होते.

अध्यक्ष महोदयांच्या परवानगीने जाहीर करतो. दर रविवारी सकाळी साडेदहा वाजता, सोसायटीच्या सभागृहात, भाकरीचा वर्ग. फी नाही. गॅसची शेगडी माझी. प्रत्येकाने आपली परात, एक वाटी ज्वारीचं ताजं दळलेलं पीठ आणि चटणी आणायची. तरुणांचंही स्वागत आहे, कारण लग्नाच्या बायोडेटात हे लिहिता येतं. परीक्षक म्हणून आमची ही खुर्चीत बसेल. तिच्या शेऱ्यांवर अपील चालणार नाही.

मला दिलेली वीस मिनिटं संपून पाच मिनिटं झाली, सचिव साहेब घड्याळ दाखवत आहेत. जेवणाची वेळ झाली आहे आणि आजच्या मेनूत भाकरी आहे, असं मला आतून कळलं आहे.